तितुबा होय म्हणाली

सेलमला एकाही बाईला जाळलेलं नाही. फासावर लटकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण चेटकीण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सरणच येतं, आणि भाषणं करणारे लोक अमेरिकेतल्या त्या गावाचं नाव घेऊन खुशाल 'जिवंत जाळलं' म्हणून ठोकून देतात. दुसरं ठोकून देतात ते ९० लाखांचं. युरोपात ९० लाख बायका मारल्या म्हणे. हा आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन माणसानं एका गावच्या दप्तरावरून गुणाकार करून काढला, आणि तेव्हापासून तो फिरतोय. आजचे इतिहासकार खटल्यांची दप्तरं चाळून ४० ते ६० हजारांच्या दरम्यान येतात. साधारण १४५० ते १७५० ही तीनशे वर्षं. चारातल्या तीन बायका. आइसलंडात उलट, तिथं मेले ते बहुतेक पुरुषच. ४० हजार मुडदे कमी पडतात काय, की वर ९० लाखांची फोडणी द्यावी?

मी सरकारी नर्स होते. छत्तीस वर्षं जन्म-मरणाची रजिस्टरं भरली. म्हणून फुगवलेला आकडा मला खपत नाही. सुईणींनाच मुद्दाम वेचून मारलं, हेही मी एका व्याख्यानात ऐकलं होतं आणि ऐकून माझी छाती फुगली होती, कारण माझी आजी सुईण. पण तेही तसं नाही. दप्तरात सुईणी सापडतात, पण मोजक्या. उलट काही ठिकाणी सुईणींनाच आरोपी बायकांची अंगं तपासायला बोलवायचे. सैतानाची खूण कुठं आहे, तीळ कुठं, चामखीळ कुठं, बघायला.

तर तितुबा.

ती गुलाम होती. सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅन्व्हर्स, मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत. तिथला धर्मगुरू सॅम्युअल पॅरिस तिचा मालक. पॅरिस आधी बार्बाडोसला व्यापार करायचा, तिथं उसाचे मळे आणि मळ्यावर गुलाम. धंदा बसला तेव्हा पाद्री झाला. तितुबा त्याच्याबरोबर बार्बाडोसहूनच आली असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात. कोर्टाच्या कागदांत तिच्या नावापुढं 'इंडियन' असं लिहिलंय. आपल्यातली इंडियन नव्हे, तिकडच्या मूळ रहिवाशांतली. कोलंबसाची चूक तिच्या कपाळावर मारली. पुढं गोऱ्या लेखकांनी तिला हळूहळू काळी केली. १८६८ साली लाँगफेलोनं नाटक लिहिलं त्यात अर्धी इंडियन अर्धी काळी, १९५३ साली आर्थर मिलरनं लिहिलं तेव्हा पुरी काळी. जात बदलायला आपल्याकडं जन्म घ्यावा लागतो, तिची नुसत्या पुस्तकांतनं बदलली.

त्या वसाहतीचं एक कायद्याचं पुस्तक १६४१ सालचं. त्यात युद्धात पकडलेल्यांना आणि विकत आणलेल्या परक्यांना गुलाम ठेवायची मुभा आहे, आणि त्याच पुस्तकात थोडं पुढं गेलं की चेटकिणीला मृत्युदंड आहे, बायबलाचा आधार दाखवून. म्हणजे तितुबाला त्या घरात बांधून ठेवणारं कलम आणि पुढं तिच्या मानेवर आलेलं कलम एकाच पानांच्या चळतीत. पोथी उघडून शिक्षा वाचणाऱ्या लोकांची ओळख आपल्याला नव्यानं करून द्यायला नको. १६९२ चे खटले मात्र चालले ते इंग्लंडच्या १६०४ च्या कायद्यावर. माणूस मारायला कायद्यांचा तुटवडा कुठंच नसतो.

१६९२ च्या जानेवारीत पॅरिसची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची भाची ॲबिगेल यांना झटके येऊ लागले. किंचाळायच्या, वाकड्या व्हायच्या, खाटेखाली शिरायच्या. डॉक्टरला बोलावलं. औषधं झाली, गुण नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाला 'वाईट हात' आहे. मी हे वाचलं आणि माझ्या खात्यातले दोन-चार साहेब आठवले. रोग कळला नाही की रोग्याच्या वस्तीवर ढकलायचं. त्या पोरींना काय झालं होतं यावर आजही भांडणं आहेत. राईच्या धान्यावरच्या बुरशीनं झालं, असं एकीनं १९७६ साली मांडलं आणि दुसऱ्यांनी लगेच खोडलं. मला विचाराल तर भीती हाच मोठा रोग होता. उत्तरेला मेनच्या बाजूला इंडियनांशी युद्ध पेटलेलं, घरंदारं जळालेले लोक गावात आलेले. त्यांच्या मनात सैतानाचा रंग इंडियनाचाच. त्यात गावात दोन तट. पॅरिसवर नाराज लोकांनी त्याचा पगार अडवलेला, सरपणाची वानवा, थंडी हाडं फोडणारी. अशा घरात चुलीपाशी एक इंडियन बाई.

आता ऐका. फेब्रुवारीत मेरी सिब्ली नावाच्या गोऱ्या शेजारणीनं एक उतारा सांगितला. राईच्या पिठात त्या पोरींची लघवी कालवायची, निखाऱ्यावर भाजायचं आणि कुत्र्याला घालायचं, म्हणजे कुणी केलंय ते कळतं. हा उतारा आफ्रिकेचा नाही, इंडियनांचा नाही, अस्सल इंग्लंडचा. केला तितुबानं आणि तिच्या नवऱ्यानं, म्हणजे जॉन इंडियननं. नोकरानं करायचं नाही तर कुणी करायचं? पुढं २७ मार्चला पॅरिसनं चर्चमध्ये सिब्लीला सगळ्यांसमोर बोल लावले, ती रडली, मंडळींनी हात वर करून माफ केलं. ती घरी गेली. तितुबा तोवर तुरुंगात होती. आणि तितुबानं रात्री पोरींना जमवून काळी जादू शिकवली, जंगलात नाचवलं, हे जे नाटक-सिनेमात दाखवतात त्याचा खटल्याच्या कागदात पुरावा नाही.

२९ फेब्रुवारीला पहिली तीन वॉरंटं निघाली. सारा गुड, सारा ऑसबोर्न आणि तितुबा. तिघींकडं नीट बघा. सारा गुडला घर नव्हतं, दारोदार भीक मागायची, कडेवर तान्हं, हाताला चार-पाच वर्षांची डोरोथी. कुणी दिलं नाही की पुटपुटत निघून जायची. तिच्या पुटपुटण्यानं गुरं मेली, अशा साक्षी झाल्या. तिच्या नवऱ्यानंसुद्धा सांगितलं की ही चेटकीण आहे किंवा लवकरच होईल असं मला भ्या वाटतं. सारा ऑसबोर्न आजारी, अंथरुणाला खिळलेली, वर्षभर चर्चला गेलेली नाही, आणि तरणा नोकर ठेवून पुढं त्याच्याशीच लग्न केलेली. तिसरी गुलाम. गावानं पहिला घास घेतला तो कुठून घेतला, बघा.

१ मार्चला गावच्या सभाघरात चौकशी. जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन न्यायाधीश. हॅथॉर्नचे प्रश्न कागदावर आहेत. 'तू चेटूक करतेस का' असं तो विचारत नाही. 'तू या पोरींना का छळतेस' असं विचारतो. गुन्हा आधीच लिहून ठेवलेला, फक्त खाली निशाणी पाहिजे. गुड नाही म्हणाली. ऑसबोर्न नाही म्हणाली. तितुबाही आधी नाहीच म्हणाली.

मग होय म्हणाली.

आणि असं होय म्हणाली की सभाघर गार पडलं. बॉस्टनहून आलेला उंच माणूस, काळे कपडे, पांढरे केस. काळा कुत्रा. पिवळा पक्षी. तांबडी मांजर, काळी मांजर. काठीवर बसून आम्ही जातो, कशा जातो ते कळत नाही, पोचतो. त्या माणसापाशी एक पुस्तक आहे, त्यात मी निशाणी केली. पुस्तकात नऊ निशाण्या होत्या. दोन गुड आणि ऑसबोर्नच्या. बाकीच्या कुणाच्या? मला वाचता येत नाही.

इथं मी पुस्तक मिटून बसले होते बराच वेळ. वाचता येत नाही, हे तिचं एकमेव खरं वाक्य असावं. आणि त्याच वाक्यानं सेलमची झोप उडवली. नऊ निशाण्या, तीन बाया सापडल्या, उरलेले सहा कोण? शेजारी? चर्चमधले? निशाणी करायला लावणारा काळ्या कपड्यातला उंच माणूस तिनं कुठून आणला? त्या गावात काळे कपडे घालून कागद पुढं सरकवणारे कोण होते, ते तिनं रोज पाहिलं होतं. आपल्या आज्यांनीही पाहिलंय. किती एकर त्या अंगठ्याखाली गेली!

मालकानं मला मारून कबूल करायला लावलं, असं ती पुढं म्हणाल्याचं रॉबर्ट कॅलेफ नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्यानं १७०० साली छापलं. मला ते खरं वाटतं. पण नुसता मार खाल्लेली बाई 'होय' म्हणून गप्प बसते. ही थांबली नाही. प्रश्नामागून प्रश्न आले तशी तिची गोष्ट वाढत गेली, आणि जिला काल कोणी नावानं हाक मारत नव्हतं तिच्या तोंडाकडं अख्खं गाव आ वासून बघत राहिलं.

हे मला कळतं, कारण आमच्या घरात हे झालेलं आहे.

५६ च्या आधीची गोष्ट. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची, तिच्या तोंडून ऐकलेली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून आमचे लोक राहतात. आजी संध्याकाळी भाकरी मागायला वाड्यावर गेली. त्या दिवशी काही मिळालं नाही, वर शिव्या मिळाल्या. येताना ती काहीतरी पुटपुटली. दोन दिवसांत वाड्यावरचा बैल घसा सुजून मेला. आज मला वाटतं घटसर्प असणार. तो बैल ओढून न्यायला आमचाच आजा, आणि मारल्याचा आळ आमच्याच आजीवर. शेजारच्या गावचा देवरुषी आणला. तो घुमला आणि सांगितलं, पुटपुटणारीनं केलंय. चावडीपुढच्या लिंबाला बांधलं. हात लावला तर विटाळ, म्हणून फोक लांब घेतले होते, हे आई दर वेळी न चुकता सांगायची. आजी आधी नाही नाही म्हणाली, पोरांच्या आणा घेतल्या. मग एकदम हसायला लागली. "व्हय, म्याच केलं. आन ह्यो देवरुषी माझ्याच हाताखाली शिकलाय. वाड्यावरचा धाकला अवसंला माझ्या दारात येतो, त्येला इचारा. आनिक नावं घिऊ का?"

फोक थांबले. सोडलं तिला. त्यानंतर त्या गावात आमच्या आजीच्या अंगावर कुणी हात टाकला नाही, तिच्या पोरींकडं वाकड्या नजरेनं बघितलं नाही. इथवर गोष्ट सांगितली की ऐकणारे टाळ्या पिटतात. पुढचं कुणाला नको असतं. पुढचं हे, की आमच्या वस्तीतसुद्धा तिला बाळंतपणाला बोलावणं बंद झालं. जिनं अर्धी वस्ती आपल्या हातांनी जन्माला घातली, तिचा हात लेकराला लागू नये म्हणून बाया पदर आड धरायच्या. आपलेच लोक. आईचं लग्न चार कोस सोडून पाच तालुके लांब करावं लागलं. भीतीनं जीव वाचवता येतो, पण भीती दाराबाहेर ठेवता येत नाही, ती घरात येऊन राहते. म्हणून तितुबाला झेंडा करून मिरवणाऱ्या पुस्तकांवर माझा फार जीव नाही. १९८६ साली मारीझ कोंडे या ग्वादलूपच्या काळ्या लेखिकेनं तिच्यावर कादंबरी लिहिली, तिला जन्म दिला, बंडात घातलं. ताकदीचं काम आहे. पण मला बंडापेक्षा ती दुसरी सकाळ पाहिजे, कबुलीनंतरची, कोठडीतली.

सेलमच्या कोर्टाचं तंत्र उफराटं होतं. फासावर गेले १९. १४ बायका, ५ पुरुष. सगळे 'आम्ही चेटूक केलेलं नाही' म्हणत गेले. ज्यांनी कबूल केलं त्यांना साक्षीला राखून ठेवलं. पन्नासेक जण कबूल झाले. सॅम्युअल वॉर्डवेल कबूल झाला होता, मग शब्द मागं घेतला, २२ सप्टेंबरला लटकला. जाइल्स कोरी हा ऐंशीच्या घरातला म्हातारा उत्तरच देईना, त्याच्या छातीवर दगड रचत गेले, तो १९ सप्टेंबरला मेला. रेबेका नर्स, आडनाव नर्स पण माझ्या धंद्यातली नव्हे, ७१ वर्षांची, देवभोळी, कानानं कमी. ज्यूरीनं तिला आधी निर्दोष सांगितलं. न्यायाधीशांनी ज्यूरीला परत विचार करायला लावला. मधे तिला एक प्रश्न विचारला, तो तिला ऐकू आला नाही. गप्प राहिली म्हणून दोषी. १९ जुलैला सारा गुडबरोबर फास. खरं बोललं की मरण, खोटं बोललं की कोठडी. पुरावा कसला, तर पोरींनी ओरडायचं की बघा तिचं भूत तुळईवर बसलंय. दुसऱ्या कुणाला दिसत नाही, पण कोर्टाला मान्य.

लहान्या डोरोथीलाही पकडलं. चार-पाच वर्षांच्या पोरीला बेड्या. सात-आठ महिने. तिची आई फासावर गेली, तान्हं भावंडं त्याआधीच तुरुंगात मेलं. १७१० साली बापानं भरपाईचा अर्ज केला त्यात लिहिलंय, पोरीचं डोकं तेव्हापासून ठिकाणावर नाही, सांभाळायला खर्च येतो. हाच तो बाप, बायकोविरुद्ध बोललेला. त्याला तीस पौंड मिळाले. ऑसबोर्न १० मेलाच बॉस्टनच्या तुरुंगात मेली होती.

कँडी नावाची एक काळी गुलाम बाई होती त्या आरोपींत. तिनं कोर्टात सांगितलं की माझ्या देशात मी चेटकीण नव्हते, इथं मालकिणीनं मला केलं. हे उत्तर वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. यापेक्षा नेमकं त्या कोर्टात कुणी बोललं नाही.

१६९२ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर फिप्सनं ते कोर्ट बरखास्त केलं. आरोप तोवर वरच्या घरांपर्यंत पोचायला लागले होते. भिकारीण, आजारी आणि गुलाम यांवर भागत होतं तोवर कुणाला घाई नव्हती. न्यायाधीशांपैकी सॅम्युअल सीवॉल यानं १६९७ साली भर चर्चमध्ये उभं राहून आपली चूक वाचायला लावली. १७०० साली त्यानंच गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका छापली. एकाला तरी दोन्ही गोष्टींचा धागा दिसला म्हणायचा. मुख्य न्यायाधीश स्टॉटन यानं शेवटपर्यंत माफी मागितली नाही.

आपल्याकडं हे संपलंय का, असं पोरं विचारतात. बिहारनं १९९९ साली डायन-प्रथेविरुद्ध कायदा केला, छत्तीसगडनं २००५ साली 'टोनही'चा. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघायला २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना गोळ्या खाव्या लागल्या, कायदा त्याच डिसेंबरात आला. झारखंडच्या छुटनी महातो यांना स्वतःच्या गावानं डायन म्हणून हाकललं होतं, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी सातपुड्याच्या पायथ्याला नोकरीला असताना एक लेकरू जुलाबानं गेलं. मी रजिस्टरात 'जलशुष्कता' लिहीत होते आणि व्हरांड्यात बाप्ये हळू आवाजात एका म्हातारीचं नाव घेत होते. मी ते रजिस्टर उचलून व्हरांड्यात नेलं, मोठ्यानं वाचलं, दोनदा वाचलं. मग मिठा-साखरेचं पाणी कसं करायचं ते तिथंच परत दाखवलं. म्हातारीला त्या रात्री आमच्या उपकेंद्रात झोपवलं. सकाळी तिचा पुतण्या येऊन घेऊन गेला. पुढचं तिचं काय झालं असेल, या विचारानं माझी झोप किती वेळा मोडलीय. जमीन कुणाच्या नावावर होती तिची, ते मी नंतर तलाठ्याला विचारलं. तिच्याच नावावर होती. पुतण्याला माहीत होतं.

१७११ साली वसाहतीनं सेलमच्या बऱ्याच जणांच्या शिक्षा रद्द केल्या, वारसांना ५७८ पौंड १२ शिलिंग वाटले. जे राहिले त्यांची नावं १९५७ आणि २००१ साली निस्तरली. एलिझाबेथ जॉन्सन ही अगदी शेवटची, तिचं नाव २०२२ साली साफ झालं. तेही आठवीच्या वर्गातल्या मुलामुलींनी बाईंच्या मदतीनं पाठपुरावा केला म्हणून.

या याद्यांत तितुबा नाही. तिच्यावरचा आरोप १६९३ च्या मे महिन्यात ज्यूरीनं खटल्याला लायक नाही म्हणून परत केला. गुन्हाच शाबीत नाही, तर रद्द काय करायचं? पण सुटका लगेच नाही. तुरुंगात खाल्लेल्या अन्नाचे, वापरलेल्या बेड्यांचे पैसे कैद्यानं भरायचे असा नियम. वर्षापेक्षा जास्त दिवसांचं बिल. ती मालकाची मालमत्ता, तर भरायचे पॅरिसनं. पॅरिसनं नाही म्हटलं. मग कुणीतरी ते पैसे भरले आणि तेवढ्यात तिला विकत घेऊन गेला. घेणाऱ्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही. तिचा नवरा जॉन तिच्याबरोबर गेला की मागं राहिला, तेही नाही. गोऱ्यांच्या दप्तरात गायींच्या किमती आहेत, सरपणाच्या गाड्यांचा हिशोब आहे, सारा गुडच्या बेड्यांना किती शिलिंग पडले तेही आहे.